एक बादली, बावीस गाड्या

ठाण्या-डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे सहाला उतरलं की एक नित्यविधी बघायला मिळतो. एक मुलगा, एक बादली, एक फडकं आणि बावीस गाड्या. पहिल्या गाडीला बादलीतलं पाणी हे पाणी असतं. पाचव्या गाडीपर्यंत त्याचं लिंबूसरबत होतं, अकराव्याला चहा, आणि सतराव्या गाडीपासून पुढे त्याला काय म्हणायचं ते महापालिकेच्या मलनिस्सारण खात्यानेच ठरवावं. सेक्रेटरींची गाडी नेहमी पहिली. भाड्याने राहायला आलेल्या जोडप्याची बाविसावी. सोसायटीत कुणाची काय पत आहे हे कळायला दारावरची पाटी वाचायची गरज नाही. फडक्याचा नंबर विचारावा.

फडकं बहुधा पूर्वाश्रमीचं बनियन असतं. मुलगा ते मनापासून फिरवतो, जात्यावर दळण घातल्यासारखं गोल गोल, आणि आदल्या गाडीची धूळ पुढच्या गाडीला समभावाने वाटत जातो. या धुळीत रस्त्याची आणि बांधकामांची वाळू असते. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर त्याचा नंबर ७, तर घरातल्या सुरीचं पोलाद साडेपाचाच्या आसपास. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर तर बिचारा प्लॅस्टिकच्या जातीचा. तेव्हा मुलगा जे करतो त्याला मालक ‘गाडी पुसणं’ म्हणतो आणि रंगकामातला माणूस ‘पॉलिशपेपर मारणं’. महिन्याच्या एक तारखेला त्याचे पैसेही मिळतात.

मालकाला हे कळतं दोन-तीन वर्षांनी, रात्री, पेट्रोलपंपावर. छपराच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांचं प्रतिबिंब काळ्या बॉनेटवर पडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखी बारीक वर्तुळं चमकत असतात. शोरूममधून काढली तेव्हा हीच गाडी विहिरीतल्या पाण्यासारखी काळीशार दिसली होती. काका अंगठ्याने घासून बघतात. जात नाही. मान डावीकडे नेली की जाळं डावीकडे सरकतं, उजवीकडे नेली की उजवीकडे येतं. पंपावरचा पोऱ्या विचारतो, “काका, झीरो बघितलं ना?” काकांनी झीरो बघितलेलं नसतं. त्या रात्री त्यांना नीट झोप लागत नाही.

यातली गंमत अशी की वर्तुळं मुळात नसतातच. ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात; पण दिव्याचा उजेड डोळ्यांकडे परत पाठवतात ते फक्त दिव्याला आडवे पडलेले. तेवढेच उजळले की दिव्याभोवती रिंगण धरल्यासारखे दिसतात. हा चमत्कार बघायला काळी गाडी घ्यायची गरज नाही. स्वयंपाकघरातलं जुनं, तारेच्या घासणीने वर्षानुवर्षं घासलेलं स्टीलचं ताट ट्यूबलाइटऐवजी साध्या गोल दिव्याखाली धरावं. तेच जाळं. फरक एवढाच की ताटाला कुणी ‘पेंट करेक्शन’ला नेत नाही.

हा शब्द आपल्याकडे अलीकडचा. आधीचा शब्द होता ‘रबिंग-पॉलिश’. गॅरेजच्या कोपऱ्यात मेंढीच्या लोकरीचं पॅड लावलेलं गरगरणारं मशीन, डब्यातला दाट कंपाउंड आणि ते चालवणारा, तोंडात तंबाखूची गोळी धरलेला कसबी माणूस, एवढ्यावर काम व्हायचं. तासाभरात गाडी लखलखायची. दोन धुण्यांनंतर लखलखाट उतरायचा, कारण त्यातला बराचसा ओरखड्यांत भरलेल्या तेलाचा आणि मेणाचा असायचा. शिवाय उन्हात बघितलं तर मशीनच्या फेऱ्यांचे धुरकट पट्टे उमटलेले दिसायचे. या पट्ट्यांना आता होलोग्राम म्हणतात. पूर्वी त्यांना काहीच म्हणत नसत, कारण उन्हात कुणी बघत नसे.

आता गॅरेजचा स्टुडिओ झाला आहे. घोडबंदर रोडकडे किंवा पुण्यात बाणेर-वाकडच्या बाजूला, एखाद्या औद्योगिक गाळ्यात काळ्या भिंती, छताला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी दिवे आणि काळे टी-शर्ट घातलेली चार मुलं असतात. रबिंगचं करेक्शन झालं आणि दराला एक शून्य चिकटलं. यात नुसतीच लुबाडणूक आहे असं मात्र नाही. कामात खरोखर फरक आहे, आणि तो समजायचा तर मायक्रॉनची ओळख करून घ्यावी लागते.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, हे सगळं धरून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. म्हणजे दीड-दोन केस. त्यातलं लॅकर ३५ ते ५०. पंधरा लाखांच्या गाडीचं जे काही रूप आहे ते या अर्ध्यापाऊण केसात. उन्हाला तोंड देणारी द्रव्यंही याच लॅकरमध्ये.

आता करेक्शनवाला करतो काय? ओरखडा काढतो, असं काकांना वाटतं. ओरखडा ही खाच आहे. खाच काढता येत नाही. तो खाचेच्या आजूबाजूची गाडी काढतो. खाचेच्या तळापर्यंत सगळं लॅकर एका पातळीला आणलं की खाच उरत नाही. गावातल्या एका घराची भिंत खचली म्हणून सगळ्या गावाच्या भिंती तेवढ्या उतरवाव्यात, असा हा समतेचा प्रकार. चांगला कारागीर यात दोन ते पाच मायक्रॉन खर्च करतो आणि थांबतो. जो ओरखडा नखाला अडकतो त्याच्या वाटेला तो जात नाही. त्याला थोडा बोथट करून, “काका, हा गाडीसोबतच राहणार,” असं सांगतो. जो म्हणतो की शंभर टक्के सगळं काढून देतो, त्याच्या गाळ्यातून गाडी तशीच मागे घ्यावी. असे खर्च आयुष्यात दोन-तीनदाच परवडतात. हौसेने दर दिवाळीला करत राहिलं तर एक दिवस टपावरचं लॅकर सापाच्या कातीसारखं सुटायला लागतं.

म्हणून आधी मीटर लावतात. रंगाची जाडी मोजणारं हे हातात मावणारं यंत्र गाडीवर ठिकठिकाणी टेकवायचं, ब्लडप्रेशर घेतल्यासारखं. बॉनेट ११२. ठीक. टप १०८. ठीक. डावा मागचा दरवाजा ४६०. गाळ्यात शांतता पसरते. गाडी ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची, नुसती क्लिनिकला जायची’ या वर्णनावर घेतलेली असते, आणि आता त्या दरवाज्यात पत्र्यावर लांबी भरलेली आहे, म्हणजे डॉक्टर क्लिनिकला बहुधा कशाच्या तरी आरपार जात होते, हे चार लोकांदेखत उघडं पडतं. करेक्शनला गाडी आणणाऱ्यांपैकी काही जणांना तिचा खरा इतिहास इथेच कळतो. अशा वेळी मुलं नजर दुसरीकडे वळवतात. धंद्याचा तो शिष्टाचार आहे.

फियाटच्या काळात ही भानगड नव्हती. त्या वेळच्या साध्या रंगांवर पारदर्शक थर नसायचा; रविवारी पॉलिश घासलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. निळ्या गाडीचं फडकं निळं. गाडी झिजते आहे हे फडकं रोखठोक सांगत असे. मुंबईत नोंदलेली शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली आणि तो हिशेबही बंद झाला. आता फडक्याला रंग लागत नाही. झीज दिसत नाही, म्हणून ती होत नाही असं सगळे धरून चालतात.

एक शब्द मात्र त्या काळाचा टिकून आहे: ड्यूको. अजूनही कपाटावर फवाऱ्याने मारलेल्या रंगाला सुतार ‘ड्यूको’ म्हणतो. तो मूळचा ड्युपाँट कंपनीच्या १९२३ मधल्या लॅकरचा शिक्का. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. ड्यूकोने ते काम तासांवर आणलं. ते चटकन वाळायचं हा त्याचा गुण, आणि कोकणपट्टीत तोच अवगुण. द्रावक भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ होतो. जुने पेंटर पावसाळ्यात थिनर बदलायचे, द्रावक हळू उडेल असं करायचे, किंवा सरळ सांगायचे, “साहेब, गणपतीनंतर या.”

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. करेक्शनची सगळी रसायनं परदेशातून, तिथल्या हवेचा विचार करून बाटलीत भरून आलेली असतात. बाटलीवर लिहिलेलं असतं: वीस-पंचवीस अंश, सावलीत, कोरड्या हवेत, थंड पृष्ठभागावर वापरा. मुंबईत असा योग जानेवारीतल्या दोन-चार पहाटे येतो आणि त्या दिवशी गाळ्याचं शटर उघडायला येणारा मुलगा स्वेटर शोधत घरीच थांबलेला असतो.

मे महिन्यात मुंबईचा पारा ३३-३४ च्या आसपास असतो. ४५ अंशांत राहणारा नागपूरकर यावर हसतो; त्याचं हसणं त्याच्या ठिकाणी योग्यच आहे. पण नागपूरची हवा फक्त भाजते, मुंबईची उकडते, आणि बटाट्यालाही या दोन्हींतला फरक कळतो. नागपुरात कंपाउंड पॅडवर घेतला की दोन फेऱ्यांत कोरडा पडून पिठासारखा उडायला लागतो. मुलगा संध्याकाळी गिरणीतून आल्यासारखा घरी जातो. मुंबईत तोच कंपाउंड वाळतच नाही. चिकट होतो, पुसला की पसरतो, पुन्हा पुसला की पुन्हा पसरतो, आणि जितकं पुसावं तितके नवे ओरखडे. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ६०-७० अंशांपर्यंत सहज तापतो आणि तापलेलं लॅकर मऊ पडतं. तेव्हा गाडी आली की मुलं आधी तासभर तिच्याकडे नुसतं बघत बसतात. काकांना वाटतं, कामचुकार आहेत. ती गाडी निववत असतात.

मग घाम. या विषयावर परदेशी पुस्तिकांमध्ये एक अक्षर सापडत नाही. जर्मनीतला कारागीर बॉनेटवर वाकतो तेव्हा त्याच्या नाकाच्या टोकाला काही नसतं. ठाण्यातल्या कारागिराच्या नाकाच्या टोकाला एक थेंब असतो. खारट, वजनदार आणि निश्चयी. तो नेमका फिनिशिंगच्या शेवटच्या हाताला सुटतो. पंखा लावावा तर पंखा धूळ उडवतो, आणि ती धूळ पॅडखाली सापडली की अर्ध्या तासाची मेहनत वाया. पंखा बंद ठेवावा तर थेंब. यावर उपाय म्हणून कपाळाला पट्टी, तिच्या आत घडी घातलेला रुमाल आणि खिशात दुसरा रुमाल. काही मुलं तर मशीन चालवताना मान अशी तिरकी ठेवतात की दुरून वाटावं ही शास्त्रीय गायनाची तालीम चालू आहे.

म्हणून एसी. सिमेंटच्या पत्र्याखालच्या गाळ्याला एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी साठवणं. पण लावतात, विजेचं बिल भरतात आणि ते काकांच्या बिलात घालतात. मग थंडगार गाळ्यातून झगझगीत गाडी बाहेर काढली की पावसाळी हवेतली वाफ तिच्यावर धरते आणि गाडी फ्रीजमधून काढलेल्या आंब्यासारखी घामेजते. घाम कारागिराचा नाही तर गाडीचा, एवढाच काय तो फरक.

हे सगळं झालं मशीनचं. मशीन हातात घ्यायच्या आधी गाडीवर जे काही बसलेलं असतं ते काढण्यातच पहिला दिवस जातो, आणि मुंबई-ठाण्यात गाडीवर काय काय बसतं हा स्वतंत्र अभ्यासक्रम होऊ शकेल. कबुतरं आहेतच. त्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं हे सगळे सांगतात. पण अर्धं नुकसान त्याआधीच्या उन्हाचं. तापून फुगलेलं मऊ लॅकर रात्री आकसतं ते वाळून कडक झालेल्या विष्ठेभोवतीच, आणि साच्यात ओतल्यासारखा तिचा ठसा घेतं. कबूतर जातं, ठसा राहतो. सावलीत लावावी तर झाडं. मार्च-एप्रिलपासून सोनमोहर पिवळ्या फुलांचा सडा घालतो, दिसायला मोठा सुरेख. दवात भिजून वाळल्यावर तोच डाग. विलायती शिरीषावरच्या किडी गोड चिकट रस शिंपडतात. जूनमध्ये जांभूळ. देशी बदामाखाली लावली तर रात्री वटवाघळं जेवायला येतात, आणि त्यांची जेवून झाल्यानंतरची शिस्त काही फारशी चांगली नाही. ऊन की झाड या प्रश्नावर गेली कित्येक वर्षं सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये हाणामारीपर्यंत वेळ आली आहे.

स्टेशनजवळ राहणाऱ्यांचं आणखी वेगळं. लोकलच्या ब्रेकमधून, चाका-रुळांच्या घर्षणातून लोखंडाचे बारीक कण उडतात, रंगावर बसतात, दमट हवेत गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर केशरी ठिपके उमटतात. नव्या गाडीला कांजिण्या आल्या म्हणून घाबरून येणारे बहुधा रेल्वेलाइनीला लागून राहणारे निघतात. त्यावर एक फवारा मारतात. मिनिटभरात ठिपक्यांमधून जांभळे ओघळ वाहायला लागतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. यातलं थायोग्लायकोलेट हे रसायन ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्येही असतं. एकदा एक काकू नवऱ्याबरोबर गाळ्यात शिरल्या आणि वास घेऊन लगेच म्हणाल्या, “अगं बाई, इथे पर्मिंगपण करतात?”

बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग हा त्यापुढचा धडा. गिझरच्या कॉइलवर जे साठतं तेच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, बॉनेटवर गोल-गोल वाळतात. मग शेवटी मातीची वडी. ही डिटेलिंगची माती जपानी डोक्यातून निघाली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेमार्गे जगभर गेली. दिसायला, मळायला थेट कणकेसारखी. ओल्या रंगावरून ती फिरवली की रुतलेलं सगळं उचलून घेते. ती जमिनीवर पडली की टाकून द्यायची, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. पोळी खाली पडली तर फुंकर मारून खाण्याच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना तो गळी उतरायला वेळ लागतो.

वर्षातला सर्वात कठीण दिवस मात्र दसरा.

गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाड्या त्याआधीच रांगेत लागलेल्या असतात. २०११ पासून रुंदीकरण चालू असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने त्यांच्या खालच्या अंगाला डांबराचे ठिपके आणि जांभ्याची लाल माती अशी दुरंगी नक्षी काढून दिलेली असते. (त्या डांबरावर घरीच रॉकेलचा बोळा फिरवून आलेले काका ते कबूल करत नाहीत, पण वास लपत नाही.) ही गाडी तीन दिवस खपून आरशासारखी करायची, कोटिंग करायचं, काकांच्या हातात चावी द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना नाही तर दसरा. ज्या बॉनेटवर मुलाने नख लागू दिलेलं नसतं त्याच्यावर काकू अनामिकेने भरघोस कुंकवाचं स्वस्तिक काढतात. मध्ये हळद. वर अक्षता. बंपरला बांधलेला झेंडूचा हार जरीच्या दोऱ्यासकट, तारेच्या आकड्यासकट वाऱ्यावर डुलत राहतो. ताशी ६० च्या वेगाने तो कुठे कुठे डुलतो ते रंगच जाणे. समोर नारळ फुटतो आणि करवंटीचा एक तुकडा कर्तव्यबुद्धीने बंपरपर्यंत येतो. मुलाला पूजेला बोलावलेलं असतं. तो हात जोडून, डोळे मिटून उभा असतो. सगळ्यांना वाटतं, किती भाविक आहे.

यात देवाची थोडी कृपा म्हणजे हळद. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही; चार दिवस गाडी उन्हात राहिली की पिवळेपणा आपोआप विरतो. कुंकवाचं तसं नाही, आणि ते कोरडं असताना अंगठ्याने पुसून काढणाऱ्यांचं तर मुळीच नाही. एका गाळेवाल्याने गिऱ्हाइकांसाठी तोडगा काढला आहे: पूजेआधी बॉनेटवर पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चिकटवायचा आणि स्वस्तिक त्यावर काढायचं. काकूंनी तो साफ नाकारला. “देवाला काय सांगू, कव्हर काढल्यावर पावेल म्हणून?”

कोटिंगची कथा निराळीच. आधी मेण होतं. ब्राझीलच्या ईशान्येकडे एक ताड आहे, कार्नोबा. उन्हात पानांतलं पाणी टिकावं म्हणून तो पानांवर मेण चढवतो. हे मेण साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. चकाकी अप्रतिम, पण आपल्याकडे पावसाळ्यात ते काही आठवड्यांचं पाहुणं. मग ‘टेफ्लॉन कोटिंग’ आलं. शोरूममध्ये गाडीबरोबर ते इतक्या आग्रहाने विकलं गेलं की नाही म्हणणारा कंजूष ठरे. तव्यावर टेफ्लॉन घट्ट बसवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातही तेवढं होत नाही.

आता सिरॅमिक. सिलिकावर आधारलेला द्रव, रंगावर लावला की हवेतली वाफ घेऊन काचेसारखा कडक होतो. हवेतली वाफ! म्हणजे मुंबईने आनंदाने उड्या माराव्यात. पण इथे वाफ एवढी की बाटलीवर दिलेल्या वेळेच्या आतच तो कडक व्हायला लागतो. पुसायला जरा उशीर झाला की इंद्रधनुषी चट्टा तिथेच घट्ट. काढायचा एकच मार्ग: पुन्हा मशीन, पुन्हा दोन मायक्रॉन. म्हणून पावसाळ्यात हे काम दोघं करतात. एक लावतो, दुसरा लगेच मागून पुसतो, पंगतीत भात आणि वरण वाढणाऱ्यांसारखं. मध्ये थांबायला जागा नाही.

कोटिंगच्या बाटलीवर ‘९एच’ लिहिलेलं असतं आणि काका ते वाचून निर्धास्त होतात. हिऱ्याच्या जवळपास काहीतरी असावं. वास्तविक ही पेन्सिलीची परीक्षा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली कोटिंगवर तिरक्या दाबून ढकलायच्या आणि कुठली ओरखडा काढते ते बघायचं. ९एच म्हणजे सर्वांत कडक पेन्सिल हरली. चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या मुलांपासून गाडी सुरक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्झच्या कणाने ही परीक्षा दिलेली नाही आणि तो द्यायलाही बसणार नाही. कोटिंगचे खरे गुण वेगळे: पाणी थेंबाथेंबाने ओघळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण ‘धुणं सोपं होतं’ या वाक्यावर वीस-तीस हजार कोण मोजणार?

शहाणी माणसं पांढरी गाडी घेतात. देशात सर्वांत जास्त गाड्या पांढऱ्याच खपतात, आणि त्यामागे उष्णता, पुनर्विक्री वगैरे भारदस्त कारणं सांगितली जातात. पांढऱ्या रंगावर जाळं दिसत नाही हे कारण कुणी सांगत नाही. ओरखडे तिथेही तेवढेच असतात. पांढऱ्या गाडीचा मालक मात्र रात्री पेट्रोलपंपावर झीरो बघतो, पैसे देतो आणि घरी जाऊन झोपतो.

काळ्या गाडीचे काका करेक्शन करून चौथ्या दिवशी गाडी घरी घेऊन आले. मुलांनी सूचनांचा कागद दिला होता: सात दिवस पाणी लावू नये. कोरडं फडकं कधीच मारू नये. धुताना दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खंगाळायची. काकांनी तो वॉचमनच्या केबिनवर चिकटवला आणि सकाळी सहाला खाली उतरून पुसणाऱ्या मुलाला म्हणाले, “उद्यापासून माझ्या गाडीला हात लावू नकोस.”

मुलाचा चेहरा पडला. “काका, काही चुकलं का?”

मोह्स, क्वार्ट्झ, मायक्रॉन, सगळं काकांच्या ओठांवर आलं होतं. पण मुलगा तीन वर्षांत एकदाही न चुकता आलेला, पावसातही आलेला. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “नाही रे. पैसे मिळतील दर महिन्याला. फक्त पुसू नकोस.” न पुसण्याचे पैसे घेणारा तो सोसायटीतला पहिलाच माणूस ठरला आणि बातमी दुपारपर्यंत ‘बी’ विंगपर्यंत गेली.

तिसऱ्या दिवशी गाडीवर धुळीचा थर बसला. शेजारच्या इमारतीचं पायलिंग चालू होतं. चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी विचारलं, “सगळं ठीक आहे ना घरी?” पाचव्या दिवशी कुणीतरी डिकीवर बोटाने, चांगली ठळक, जोर देऊन अक्षरं लिहिली: ‘आंघोळ कधी?’ काकांनी ती संध्याकाळी पाहिली आणि कागदावरच्या सूचना आठवून नुसतेच उभे राहिले. सातवा दिवस उजाडायला अजून दोन रात्री होत्या.

रात्रपाळीच्या वॉचमनला ते बघवलं नाही. काका गेल्यावर त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, कोरडाच, आणि तळहाताचा सगळा जोर लावून ती अक्षरं गोल गोल पुसून टाकली.